‘काम पूर्ण’चे फोटो

ऑडिटर आल्याचं कळलं की कुठल्याही सरकारी कचेरीत पहिला बदल चहात होतो. एरवी टपरीवरून ग्लासात कटिंग येतो, त्या दिवशी कपबशीतून येतो. सोबत बिस्किटं, आणि “मॅडम, साखर चालते ना?” अशी चौकशी. तेहतीस वर्षं मी हा कपबशीतला चहा प्यायले. त्यावरून मला एवढं कळलं, की आपण आलेलो कोणालाही आवडत नाही, पण आपण रागावू नये असं मात्र सगळ्यांना वाटतं.

लोकांना वाटतं ऑडिट म्हणजे आकड्यांच्या बेरजा. त्या असतातच, पण माझी शेवटची बरीच वर्षं वेगळ्या ऑडिटमध्ये गेली. शहरात पाण्याचं खातं असतं, रस्त्यांचं असतं, दिव्यांचं, कचऱ्याचं असतं. प्रत्येक खातं वर्षाच्या शेवटी सांगतं, आम्ही एवढी कामं केली. ती खरंच झाली का, हे त्या खात्याबाहेरच्या माणसाने जाऊन बघायचं. म्हणूनच आम्ही त्या खात्यांच्या साहेबांच्या हाताखाली नसतो. आमचा अहवाल थेट पालिकेच्या समितीपुढे जातो. खात्याला त्यावर उत्तर देता येतं, पण त्यातला शब्द बदलता येत नाही.

इथे मी जी हकीकत सांगणार आहे, तिच्यातल्या माणसांची नावं बदलली आहेत. मांजरीचं नाव मात्र खरं आहे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. माझ्याकडे पुन्हा पाण्याच्या तक्रारींचं ऑडिट आलं. पद्धत अशी होती: नागरिकाने मोबाइलवरून तक्रार करायची. खात्याने दुरुस्ती करायची, झालेल्या कामाचा फोटो चढवायचा आणि शेरा मारायचा, ‘काम पूर्ण’. शेरा पडला की तक्रार हिरवी होते. ठरलेल्या दिवसांत पडला नाही, तर ती लाल होते आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या पडद्यावर दिसायला लागते. लाल रंग कोणालाच नको असतो.

हेच ऑडिट त्याआधी दोन वर्षं मीच केलं होतं. जवळजवळ सगळ्या तक्रारी हिरव्या होत्या. प्रत्येकीला फोटो जोडलेला होता. मी दोन्ही वर्षी अहवालात लिहिलं, ‘तक्रार निवारण समाधानकारक’. खुर्चीतून न उठता लिहिलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्या तोंडावर फेकलं जाणार आहे.

तिसऱ्या वर्षी माझ्या हाताखाली परांजपे आले. गिरगावात राहणारे, एकटे, बोलायला अतिशय कमी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कधी मासळी शिजली नव्हती, पण पँटच्या खिशात कायम सुक्या जवळ्याची पुडी. मांजरांसाठी. घरून स्टेशनपर्यंत येताना ठरलेल्या चार मांजरांना देत देत ते ऑफिसात पोचायचे. त्या वासामुळे त्यांच्या शेजारी कोणी टेबल घेत नसे. तीन विभागांनी त्यांना ‘स्लो आहेत’ असं सांगून पुढे ढकललं होतं. आता ते माझ्याकडे होते.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, जरा येता का? मला वाटतं माझं डोकं फिरलंय.”

त्यांच्या टेबलावर फोटोंच्या छापील प्रती पत्त्यांसारख्या मांडलेल्या होत्या. सगळे ‘काम पूर्ण’चे. ओलं सिमेंट, त्यातून गेलेला पाइप, मागे निळी भिंत.

“ही तक्रार भोईवाड्याची,” परांजपे म्हणाले. “ही अँटॉप हिलची. आणि ही कफ परेडच्या मच्छीमार नगरची. आता कोपऱ्यात बघा.”

मी चष्मा लावला. निळ्या भिंतीशी एक पिंप होतं. पिंपावर काळीपांढरी मांजर बसली होती. डावा कान फाटलेला.

“तिन्हीकडे तीच आहे,” परांजपे म्हणाले. “कान बघा ना. आणि ती पोटुशी आहे. मच्छीमार नगरच्या फोटोत पोट मोठं दिसतंय, भोईवाड्याच्या फोटोत पिल्लं झालेली आहेत. मी मांजरांच्या बाबतीत चुकत नाही, मॅडम.”

फोटो कुठे काढला ते आपोआप उमटायची सोय त्या यंत्रणेत होती. ती कोणीतरी बंद करून ठेवली होती, हे आम्हाला त्या संध्याकाळी समजलं. मी दोन वर्षांत ते तपासलंही नव्हतं. परांजप्यांनी घाई न करता, शांतपणे आठवडाभर बसून बाकीचे फोटो चाळले. मांजर कुठे दिसत होती, कुठे नव्हती, पण निळी भिंत सारखी भेटत होती.

मी ठरवलं, आता खुर्चीतून उठायचं.

भोईवाड्याच्या एका चाळीतून एकाच बाईंची तक्रार नऊ वेळा आली होती आणि नऊही वेळा हिरवी झाली होती. नाव शालिनी पेडणेकर. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर चढलो. दार उघडंच होतं. सत्तरीच्या बाई उंबऱ्याशी कोळंबी सोलत बसल्या होत्या.

“मावशी, मी सरोज गायकवाड. ऑडिटमधून आले. पाण्याच्या तक्रारीबद्दल.”

त्यांनी मान वर केली. “बंद करूक इलास?”

“काय बंद करायला?”

“तक्रार गो. मेसेज येतो, तुमची तक्रार बंद झाली. नळ सोडला की तोच वास. कोण मेला बंद करतो, समजत नाय.”

त्या उठल्या, हात धुतले आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून आणलं. पानांच्या मागच्या बाजूला तक्रारीचे नंबर होते, पेनाने, टपोऱ्या अक्षरात. प्रत्येक नंबरापुढे दोन नोंदी: कधी केली, कधी न विचारता बंद झाली.

“तीस वर्षं हॉस्पिटलात आया होते मी,” मावशी म्हणाल्या. “घाण पाण्याने काय होतं ते मला कोणी शिकवू नये. सगळ्यांना सांगते, उकळून प्या. तरी माझ्याच नातीला कावीळ झाली. सातवीत आहे. दीड महिना झोपून होती. परीक्षा बुडाली. खालच्या मजल्यावर दोघं आजारी, समोर एक.” मग त्यांनी मोबाइल पुढे केला. “आणि हा फोटो बघा. हे काम झालं म्हणतात. ही आमची भिंत नाय. हे मांजर पण आमचं नाय. आमच्या चाळीत सगळे बोके.”

परांजपे पहिल्यांदा मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. नात आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. तिचे डोळे अजून पिवळट होते. मी ‘समाधानकारक’ लिहिलं होतं त्या वर्षीच्या तक्रारीही त्या कॅलेंडरवर होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, पाणी यायच्या वेळेला, मी पुन्हा तिथे गेले. नळाने आधी नुसती हवा सोडली. मग पाणी आलं, मातकट, आणि त्याला गटाराचा वास. मी नायगावच्या चाळीत वाढले आहे, नळावर हंडे लावले आहेत, पण असं पाणी कधी भरलं नाही. दहा मिनिटांनी ते स्वच्छ दिसायला लागलं.

“पयलं सगळं मोरीत सोडतो,” मावशी म्हणाल्या. “पण पाणी येतं तासभर. ज्याच्याकडे वेळ नाय, तो भरतो तेच.”

पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो. त्याला भोक असेल आणि बाजूला सांडपाणी असेल, तर ते आत ओढलं जातं. नळ सुरू झाला की आधी ते घरात येतं. एवढी साधी गोष्ट आहे. मी पहिल्या पाण्याचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर तीन शब्दांचं आलं: पिण्यास योग्य नाही.

आता ती निळी भिंत शोधायची होती. परळच्या बाजूला खात्याची एक चौकी आहे; भोईवाड्याचे फोटो तिथूनच चढवले जात. चौकी म्हणजे फिटर आणि मजूर जिथे हजेरी लावतात, सामान ठेवतात ती जागा. आम्ही आवारात शिरलो आणि परांजप्यांनी काही न बोलता खिशातून पुडी काढली. पत्र्यामागून काळीपांढरी मांजर धावत आली. डावा कान फाटलेला. तिच्यामागे तीन पिल्लं. आणि त्यांच्यामागे निळी भिंत.

“राणी, ए राणी, इकडे ये,” करत एक फिटर बाहेर आला. पन्नाशीचा, दत्ताराम नावाचा. आमच्या गळ्यातली ओळखपत्रं पाहिली आणि जागच्या जागी थांबला. भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटचे थरावर थर चढले होते. त्याला काही विचारायची गरजच नव्हती.

“मॅडम, बसा,” तो म्हणाला. “चहा मागवतो.”

“चहा नको. सांगा.”

तो स्वतःच पायरीवर बसला. “सकाळी वरून लिस्ट येते. संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं पाहिजे. आम्ही माणसं सहा. रस्ता खोदायचा तर दुसऱ्या खात्याची परवानगी, ती यायला महिना. साहेब म्हणतात, फोटो टाका, काम मागाहून करू. मग इथेच पाइप ठेवायचा, सिमेंट मारायचं, फोटो काढायचा. चांगला आला की ग्रुपवर टाकायचा. बाकीच्या चौक्या पण तोच लावतात.”

“आणि मागाहून काम होतं?”

“तक्रार बंद झाली की काम कुठलं, मॅडम? लिस्टमध्येच नसतं ते.”

मी विचारलं, हे लिहून द्याल का. त्याने एक पिल्लू उचलून मांडीवर घेतलं.

“दोन मुली आहेत शिकणाऱ्या. नोकरी गेली तर?”

“तुम्ही हुकमाप्रमाणे केलंत, असं मी अहवालात स्पष्ट लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही. खोटं सांगत नाही.”

कदाचित खोटं सांगितलं नाही म्हणूनच असेल, पण त्याने कागद मागितला. दीड पान लिहिलं. खाली सही करताना म्हणाला, “माझी पण आई चाळीतच राहते, मॅडम. भायखळ्याला.”

दोन दिवसांनी पाणी खात्याचे कार्यकारी अभियंता महाजन माझ्या ऑफिसात आले. त्यांनी येणं हीच मोठी गोष्ट होती. एरवी ते बोलावून घ्यायचे. माणूस सभ्य, आवाज मऊ.

“गायकवाड मॅडम, तुमचं काम फायली बघायचं. चाळीत जाऊन बादल्या बघायचं नाही.”

“काम झालं की नाही ते बघायचं, सर. ते फायलीत दिसलं नाही.”

“फोटो चुकून जोडले गेले, एवढंच लिहा. आम्ही दुरुस्त करतो. सगळ्यांचंच नाव राहील.” ते उठले, दाराशी थांबले. “आणि मागची दोन वर्षं तुम्हीच ‘समाधानकारक’ लिहिलंय. समितीत मला ते वाचून दाखवावं लागेल. वाईट वाटतं, पण लागेल.”

ते गेल्यावर मी माझे दोन्ही जुने अहवाल काढून वाचले. त्यांचं बरोबर होतं. निवृत्तीच्या तोंडावर, सगळ्या समितीसमोर, आपलेच शब्द आपल्याविरुद्ध वाचले जाणार. नवऱ्याला घरी सांगितलं तर तो म्हणाला, “चुकलं ते चुकलं ना? मग त्याने वाचायच्या आधी तू वाच.”

मी अहवालाचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. ‘या कार्यालयाने मागील दोन वर्षांत याच विषयावर दिलेला अभिप्राय प्रत्यक्ष पाहणी न करता दिलेला होता. तो चुकीचा होता. तो प्रस्तुत लेखापरीक्षकाने दिलेला होता.’ आमच्या मुख्य लेखापरीक्षकांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” त्यांनी एक शब्दही न बदलता सही केली. आमच्या कचेरीचं स्वतंत्र असणं म्हणजे काय, हे मला नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी नीट समजलं.

समितीच्या बैठकीला परांजपे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि खिसा रिकामा करून. समितीच्या अध्यक्षा साठीच्या, शिक्षिका होत्या आधी. त्यांनी खात्याला आधी बोलायला सांगितलं. महाजन उभे राहिले आणि माझा जुना अहवाल हातात धरून म्हणाले, “मॅडम, याच लेखापरीक्षकांनी दोन वर्षं लिहिलंय की आमचं काम समाधानकारक आहे. मग एका वर्षात असं काय झालं?”

सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. 

“ते मीच लिहिलं होतं. खुर्चीत बसून लिहिलं होतं आणि ते चूक होतं. या वर्षीच्या अहवालाचा पहिला परिच्छेद तोच आहे. सरांनी दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात केली असावी.”

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी पहिलं पान उलटून वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बसू नका. पुढे सांगा.”

परांजप्यांनी पडद्यावर फोटो लावले. भोईवाडा. अँटॉप हिल. मच्छीमार नगर. मग चौकीच्या आवाराचा आम्ही काढलेला फोटो.  अध्यक्षांनी विचारलं, “ही मांजर कोणाची?”

परांजपे उठले. मला वाटतं, ते आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांपुढे बोलत होते. “खात्याचीच आहे, मॅडम. फोटोंवरून बघितलं तर खात्यात सगळ्यात जास्त ठिकाणी हजर तीच असते.”

खोली हशाने फुटली. महाजनसुद्धा खाली बघून हसले, आणि त्या हसण्यातच त्यांची बाजू संपली. मग मी पाण्याचा अहवाल वाचला, पेडणेकर मावशींचे नऊ नंबर वाचले, आणि त्या चाळीतल्या आजारी माणसांची नावं वाचली. शेवटचं नाव सातवीतल्या मुलीचं होतं. 

समितीचा निर्णय त्याच बैठकीत झाला. असे फोटो लावून बंद केलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडायच्या. फोटोवर ठिकाण उमटायची बंद केलेली सोय चालू करायची. खोदायची परवानगी थेट चौकीला द्यायची, दूषित पाण्याच्या तक्रारीत तरी. आणि माझी शिफारस, जी मिळेल असं मला वाटलं नव्हतं, ती अध्यक्षांनी स्वतः वाचून दाखवली: यापुढे तक्रार खातं बंद करणार नाही. ज्याने केली, त्याला फोन करून विचारायचं. तो ‘हो’ म्हणाला तरच बंद.

बाहेर आल्यावर परांजपे म्हणाले, “मॅडम, आज आपण आइस्क्रीम खाऊया.” आम्ही दोघं आपापल्या वयाला न शोभेल इतकं आइस्क्रीम खाल्लं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली नाही. महाजनांची बदली झाली, ती दुसऱ्या केबिनमध्ये. दत्तारामची झाली ती कफ परेडच्या लांबच्या चौकीत. त्याने हुकमाप्रमाणे केलं असं मी अहवालात लिहिलं होतं, बदलीविरुद्ध निषेधाचं पत्रही दिलं. पत्र फायलीला लागलं, एवढंच. पुढे एकदा मुद्दाम जाऊन त्याला भेटले. बोटींजवळ उभा होता. “वारा छान आहे इथे,” म्हणाला. “राणीला घेऊन आलो. मासळी वाळत घालतात ना, तिची चैन आहे.” त्याने मला दोष दिला नाही. त्याने दिला असता तर मला थोडं हलकं वाटलं असतं.

भोईवाड्यात खोदकाम सुरू झालं तेव्हा चाळ गॅलऱ्यांमध्ये उभी होती. चार फुटांवर पाइप सापडला. तो एका जुन्या, वरून बुजवलेल्या गटाराच्या मधून गेला होता. कोणी, कधी तसा टाकला, हे नोंदीत नव्हतं. गंजून त्याला एवढी भोकं पडली होती की मजुराने त्यात बोट घालून दाखवलं. वरून कोणीतरी ओरडलं, “फोटो काढा रे याचा!” आणि सगळी चाळ हसली. नवा पाइप गटार टाळून, वळसा घेऊन टाकला. शेजारच्या दोन चाळींचाही बदलला, कारण तोच जुना पाइप गटारातून पुढे त्यांच्याकडे गेला होता.

पाणी सोडायच्या सकाळी मावशींनी मला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा गॅलरीभर हंडे, कळशा, बादल्या. नळाने आधी हवा सोडली, मग पाणी. मोरीत कोणी सोडलं नाही, सगळे बघत राहिले. साडेनऊला, गप्पा आटोपून मी निघायच्या बेतात असताना, मावशींचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

“नमस्कार, शालिनी पेडणेकर बोलताय का? पाणी खात्यातून बोलतोय. तुमच्याकडचं काम झालंय. तक्रार बंद करू का?”

“थांब,” मावशी म्हणाल्या.

“हो, पण मॅडम, मला पुढचे...”

“थांब म्हटलं ना. इतके महिने आम्ही थांबलो.”

त्यांनी फोन कट्ट्यावर ठेवला. स्टीलचा पेला घेतला, सकाळच्या पहिल्या हंड्यातलं पाणी त्यात ओतलं, गॅलरीत नेऊन उजेडात धरलं. नाकाशी नेलं. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग नातीला हाक मारून पेला तिच्या हातात दिला. तिने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेला एका दमात रिकामा केला. फोनमधला माणूस अजून लाइनवर होता.

मावशींनी फोन उचलला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता बंद कर.”